वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी मानसिक तपासणीला पाठवलंय. तयारी काय करू? जुन्या गोळ्यांचं सांगू का?

तुम्ही लिहिलंय की येत्या गुरुवारी क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जायचंय, तीन वर्षांपूर्वी डिप्रेशनच्या गोळ्या चालू होत्या आणि ते कळलं तर ऑपरेशन नाकारतील अशी धास्ती वाटते. आधी त्याचंच उत्तर देते. सांगा. गोळीचं नाव, किती महिने घेतली, कोणाच्या सांगण्यावरून बंद केली, सगळं सांगा. पूर्वी डिप्रेशन होतं एवढ्यावरून कोणी दार बंद करत नाही. सध्या भास होत असतील, जीव द्यायचे विचार येत असतील, दारू किंवा दुसरी नशा चालू असेल, खाऊन मुद्दाम उलटी काढायची सवय असेल, तर थांबवतात. त्यातही बहुतेकांना आधी उपचार घेऊन पुन्हा यायला सांगतात.

गोळ्यांचं सांगायचं आणखी एक कारण आहे. वजन कमी करण्याच्या बायपास ऑपरेशनमध्ये आतड्याचा रस्ताच बदलतो, त्यामुळे काही औषधं अंगात पूर्वीइतकी शोषली जात नाहीत, विशेषतः हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या. पुढे पुन्हा गरज पडली तर कुठली गोळी, किती, हे डॉक्टरांना तुमचा इतिहास माहीत असेल तरच ठरवता येईल.

माझं ऑपरेशन २०२१ साली झालं, स्लीव्ह, म्हणजे पोट कापून लहान करण्याचं. तेव्हा वजन ११८ किलो होतं, उंची पाच फूट दीड इंच. पहिल्या भेटीत मी खोटं बोलले, म्हणून एवढं पोटतिडकीने लिहितेय.

सायकॉलॉजिस्ट बाईंनी विचारलं, "कालचा दिवस सांगा, उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय खाल्लं?" मी शाळेत कविता म्हणावी तसं म्हणून दाखवलं. पोहे, दोन पोळ्या, भाजी, संध्याकाळी चहा, रात्री वरणभात. त्यांनी लिहून घेतलं आणि विचारलं, "रात्री जाग आली तर?" मी म्हटलं, "येत नाही."

माझ्या नवऱ्याची रात्रपाळी असते. त्याच रात्री दोन वाजता मी भांडुपच्या आमच्या स्वयंपाकघरात दिवा न लावता ओट्याशी उभी होते. सासूबाई बाहेर झोपलेल्या. फरसाणाच्या स्टीलच्या डब्याचं झाकण आवाज न होता कसं काढायचं हे माझ्या बोटांना पाठ होतं. एका हाताने डबा पोटाशी धरायचा, अंगठ्याने कड थोडी थोडी उचलायची. अर्धा डबा संपला तेव्हा जिभेला चवही लागत नव्हती. तिथेच उभी राहून रडले आणि ठरवलं, हे सांगायचं. सकाळी फोन करून दुसरी वेळ घेतली.

त्या रागावल्या नाहीत. ऑपरेशन मात्र आठ आठवडे पुढे ढकललं. मला तेव्हा फार लागलं, घरी सगळ्यांना तारीख सांगून झाली होती. त्या आठ आठवड्यांत त्यांनी एक वही लिहायला लावली: किती वाजता, काय, किती खाल्लं आणि त्याआधी मनात काय चाललं होतं. तिसऱ्या आठवड्यात वहीतूनच दिसलं की ज्या दिवशी ऑफिसमधून डबा भरलेला परत यायचा, त्याच रात्री फरसाणाचा डबा उघडायचा. लोकांसमोर जेवायची मला लाज वाटायची. "एवढी जाड आणि वर जेवतेय" असं बघतील म्हणून मी दुपारी दोन घास खाऊन झाकण लावायचे. दिवसभराची भूक आणि दिवसभराची लाज, दोन्ही रात्री ओट्याशी यायच्या. मग दुपारचं जेवण वेळेवर, बसून, पूर्ण करायला शिकले आणि रात्रीचं उठणं खूपच कमी झालं. हे कळायच्या आधी पोट कापलं असतं तर त्या छोट्या पोटानिशी मी पुन्हा तिथेच उभी राहिले असते. असलं थोडं थोडं सतत खाणं स्लीव्हनंतरही जमतं आणि वजन परत चढतं.

आता प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. माझी पहिली भेट तासाभराची होती. वजन कधीपासून वाढलं, आधी काय काय करून पाहिलं, झोप कशी लागते, घरी कोण कोण आहे, लहानपणी काही वाईट घडलं होतं का, दारू, सिगरेट, तंबाखू. तंबाखूत मशेरी पण धरा. आपल्याकडच्या कितीतरी बायका "मला व्यसन नाही" म्हणतात आणि सकाळी मशेरी लावतात. ऑपरेशननंतर तंबाखू आणि सिगरेटने जखम भरायला वेळ लागतो, अल्सर होऊ शकतो, म्हणून लाजू नका. दारू बायपासनंतर पटकन चढते आणि काहींना पूर्वी नसलेलं व्यसन नंतर जडतं. ते आधीच बोललेलं बरं.

काही कागद भरायला देतात. गेल्या दोन आठवड्यांत उदास किती दिवस वाटलं, कशात रस वाटेना असं किती दिवस, अशा प्रश्नांना शून्य ते तीन गुण द्यायचे. इंग्रजी अडत असेल तर मराठीत मागा किंवा वाचून दाखवायला सांगा. नेटवरून "बरोबर उत्तरं" पाठ करून जाऊ नका. सगळीकडे शून्य लिहिणारा माणूस त्यांना लगेच कळतो.

एक प्रश्न मला अजून आठवतो: "वजनामुळे काय करायचं सोडलंत?" मी म्हटलं, चौथी सीट. लोकलच्या लेडीज डब्यात तिघींच्या बाकावर चौथी बसायला "थोडं सरका ना" म्हणायचं मी कधीच सोडलं होतं. तिघी बसलेल्या असल्या की माझ्याकडे बघून त्यांचे चेहरे पडायचे, म्हणून मी भांडुपपासून भायखळ्यापर्यंत उभी जायचे, गुडघे दुखत असले तरी. तुमची अशी जी गोष्ट असेल ती आठवून ठेवा. कशासाठी हे सगळं करताय ते त्यातून समोरच्याला कळतं आणि आपल्यालाही.

ऑपरेशन तुम्हाला समजलंय का, हेही बघतात. स्लीव्हमध्ये पोटाचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात, तो परत जोडता येत नाही. ऑपरेशनआधी साधारण दोन आठवडे पातळ किंवा अगदी कमी कॅलरीचा आहार, नंतर काही आठवडे पातळ, मग मऊ. जेवताना पाणी नाही. व्हिटॅमिनच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर. मूल हवं असेल तर निदान वर्ष-दीड वर्ष थांबायचं. सर्जनकडून हे नीट समजून घेऊन, स्वतःच्या शब्दांत सांगता येईल इतपत डोक्यात ठेवून जा.

मला त्यांनी असंही विचारलं की गणपतीत काय कराल. तेव्हा हा काय प्रश्न असं वाटलं होतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या गणपतीत कळलं. सासूबाईंनी प्रेमाने केलेल्या उकडीच्या मोदकांतला एक मी अर्धाच खाल्ला आणि त्यांचे डोळे भरून आले, "माझ्या हातचं नको झालं का?" आग्रह करून वाढणाऱ्या घरात हे कठीण असतं. म्हणून शक्य असेल तर घरातलं एक माणूस भेटीला सोबत न्या, स्वयंपाक करणारं माणूस असेल तर उत्तमच.

कागदपत्रांचं थोडक्यात. जुन्या गोळ्यांची चिठ्ठी, सध्याच्या औषधांची यादी आणि आधी डाएटिशियन, जिम वगैरे जे केलं त्याच्या पावत्या एका फाइलमध्ये लावा. मेडिक्लेममध्ये हे बसवायचं असेल तर पावत्या तिथेही लागतील. आयआरडीएआय या सरकारी विमा नियामकाच्या प्रमाणित अटींप्रमाणे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ४० किंवा त्याहून जास्त हवा, किंवा ३५ किंवा त्याहून जास्त असून आटोक्यात न येणारा टाइप २ डायबिटिस, गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) असे त्रास हवेत, आणि आधीचे साधे उपाय फसलेले असावे लागतात.

रिपोर्टमध्ये काय लिहिणार आणि तो कोण वाचणार, हे बेधडक विचारा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गोपनीयता हा तुमचा हक्क आहे. उपचार करणाऱ्या टीमला रिपोर्ट दिसतो, नातेवाइकांना सहसा तुमच्या संमतीशिवाय सांगायचं नसतं.

आणि तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की हल्ली रात्र रात्र झोप लागत नाही, काही करावंसं वाटत नाही. गुरुवारी बसल्या बसल्या आधी हेच सांगा, वजनाचं नंतर. त्याआधी एखादी रात्र फार जड गेली तर १४४१६ ला फोन लावा. टेलीमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालू असते, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. गुरुवारी काय झालं ते इथे खाली लिहा, मी रात्री वाचते.