पानांवरचा पांढरा कापूस आणि कोळ्याची जाळी

प्रश्न : दिवाणखान्यातील मनीप्लांट आणि क्रोटन यांच्या पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात. पाने चिकट झाली आहेत आणि कुंडीवर मुंग्यांची रांग असते. कडुलिंबाचे तेल व साबण पाण्यात मिसळून तीन वेळा फवारले, तरी पुंजके पुन्हा येतात. आमचे काय चुकते आहे? (एक वाचक, लातूर)

उत्तर : आपण वर्णन केलेली कीड म्हणजे पिठ्या ढेकूण, ज्याला रोपवाटिकेत मिलीबग म्हणतात. कपाशी घेणाऱ्या शेतकऱ्याला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. २००६ नंतरच्या काही हंगामांत त्याच्या एका जातीने देशभरातील कपाशीवर मोठा उपद्रव केला होता, आणि ती जात जास्वंद व गाजरगवतावरही पोसली जाते. म्हणून अंगणातील जास्वंदीला हात लावून तसेच घरातील कुंड्यांकडे वळू नये.

ही कीड सोंड खुपसून रस शोषते आणि जास्तीची साखर गोड चिकट्याच्या रूपाने बाहेर टाकते. त्या चिकट्यासाठी मुंग्या येतात, त्याच्यावरच पुढे काळी बुरशी चढते, आणि मुंग्या या किडीला शत्रूंपासून राखतातही. मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय फवारणीचा उपयोग निम्माच होतो. पसरट ताटलीत पाणी घेऊन मध्ये वीट ठेवावी व तिच्यावर कुंडी अशी ठेवावी की पाने भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकणार नाहीत.

आता फवारणी का फसते, ते पाहू. किडीच्या अंगावर मेणाचे आवरण असते आणि मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालते. त्या पिशवीच्या आत औषध सहसा पोहोचत नाही. मात्र अंड्यांतून निघालेल्या पिल्लांवर सुरुवातीला मेण नसते, त्यामुळे त्यांना गाठण्यासाठी दर सात दिवसांनी, निदान चार वेळा फवारावे लागते. त्याआधी दिसणारा प्रत्येक पुंजका मेडिकल दुकानातील स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून काढावा. हे कंटाळवाणे काम आहे, पण माझ्या मते निम्मी लढाई येथेच जिंकली जाते. स्पिरिट आधी एखाद्या पानावर लावून दोन दिवस वाट पाहावी.

माझा दुसरा संशय आपल्या पाण्यावर आहे. आपल्याकडील बहुतेक बोअरचे पाणी जड असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे साबण फाटतो, तेल सुटून वर येते, आणि आपण प्रत्यक्षात नुसते पाणीच फवारत राहतो. मिश्रण पातळ ताकासारखे एकजीव पांढरे दिसले तरच ते जमले असे समजावे. वर तवंग किंवा साका दिसला तर ते टाकून द्यावे. साठवलेले पावसाचे पाणी किंवा आर. ओ. यंत्रातून गाळलेले पाणी वापरावे. यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मात्र नको, कारण त्यात क्षार अधिकच असतात. कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात १ ते २ मिली सौम्य द्रवरूप साबण आधी विरघळवावा आणि मग ५ मिली कडुलिंबाचे तेल थोडे थोडे घालत ढवळावे. फवारणी सूर्य मावळल्यावर करावी. एकदा मी घाईने भर दुपारी गॅलरीतील क्रोटनवर हा प्रयोग केला आणि त्याची पाने भाजून घेतली. इतके करूनही झाड खंगत असेल तर कुंडीतून ते बाहेर काढून मुळे पाहावीत, कारण काही पिठ्या ढेकूण मुळांवरही बसतात.

प्रश्न : एप्रिलपासून अरेका पामच्या पानांवर बारीक पिवळसर ठिपके पडले असून पानांच्या मागे धुळीने भरलेली जाळी दिसते. दुकानदाराने दिलेले इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक फवारले, पण काहीच फरक पडला नाही. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : फरक पडणार नव्हताच. हा कीटक नसून आठ पायांचा लाल कोळी (जाळी विणणारा, ठिपक्याएवढा माइट) आहे, आणि इमिडाक्लोप्रिडचा कोळ्यावर परिणाम होत नाही. उलट कोळी खाणारे मित्रकीटक त्याने मरतात. खात्री करायची असेल तर पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकावे. कागदावर पडलेले ठिपके सरकू लागले की निदान झाले.

अरेका पाम मूळचा मादागास्करमधील, दमट हवेत रमणारा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. अशा हवेत कोळ्याची एक पिढी सुमारे आठवड्यात पूर्ण होते. म्हणून औषधापेक्षा आंघोळ अधिक कामाची. कुंडीच्या मातीवर प्लॅस्टिक बांधून झाड न्हाणीघरात आडवे करावे आणि पानांच्या खालच्या बाजूने पाण्याची जोरदार धार मारावी. तीन आठवडे, दर चार दिवसांनी असे करावे. कोळ्यासाठी पाण्यात विरघळणारे गंधक चालते, परंतु कडक उन्हाळ्यात त्याने पाने करपतात, शिवाय तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे ते मुळीच वापरू नये. कूलरच्या टाकीत उरलेले पाणी पामला घालणे टाळावे. बाष्पीभवनामुळे त्यात क्षार साचलेले असतात.

प्रश्न : स्नेक प्लांटच्या पानांवर पांढरे डाग आहेत, पण ते हलत नाहीत. हीसुद्धा कीड आहे काय? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : बहुधा नाही. नखाने खरवडल्यावर कोरडी पूड पडली तर ते पाण्यातील क्षार होत. ओल्या फडक्यावर लिंबाच्या रसाचे दोन-तीन थेंब घेऊन पुसावे आणि नंतर साध्या पाण्याने पान धुवावे. नखाला चिकट ओलसर काही लागले, तर पहिले उत्तर वाचावे.

प्रश्न : कपाशीसाठी आणलेले कीटकनाशक उरले आहे. ते घरातील कुंड्यांवर थोडे पातळ करून मारता येईल का? (एक वाचक, जालना)

उत्तर : मुळीच नाही. ती औषधे मोकळ्या शेतासाठी असतात. बंद खोलीत त्यांची वाफ आपल्या आणि लेकरांच्या श्वासात जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात मोकळ्या रानात फवारणी करतानाही शेतकऱ्यांचे जीव गेले होते. उरलेले औषध मूळ बाटलीतच, लेबल शाबूत ठेवून, कुलूपबंद ठेवावे आणि शीतपेयाच्या बाटलीत कधीही ओतून ठेवू नये.