‘टॉक्सिक’ला मराठी शब्द एक नाही, पाचसहा आहेत

प्रश्न : आमच्या मंडळातर्फे गणेशोत्सवात बीजीएमआयची (मोबाइलवरच्या पबजी गेमच्या भारतीय आवृत्तीची) स्पर्धा ठेवली आहे. नियम मराठीत लिहायचं ठरलं. ‘टॉक्सिक बिहेविअर’साठी आम्ही ‘विषारी वर्तन टाळावे व आदरपूर्वक चर्चा करावी’ असं लिहिलं, तर मुलं हसायला लागली. नेमका शब्द कोणता? आणि ‘नूब’ला मराठीत काही आहे का?

उत्तर : मुलांचं हसणं मला रास्त वाटतं. ‘विषारी’ हे विशेषण मराठीत बहुतेक करून साप, वायू, दारू असल्यांना लागतं. बोलण्याला लावायचं तर आपण ‘विखारी’ म्हणतो: विखारी टीका, विखारी प्रचार. मूळ तेच, विष. ‘ष’चा ‘ख’ होऊन विख झालं आणि त्यातून विखार. शब्द चांगला आहे, पण त्यात थंड डोक्यानं, ठरवून मारलेला डंख आहे. शेवटच्या झोनमध्ये, म्हणजे सामना संपत आल्यावर उरलेल्या लहानशा वर्तुळात, भिडूचा ग्रेनेड चुकला म्हणून माइकवर किंचाळणारा सोळा वर्षांचा मुलगा विखारी नसतो, चिडका असतो. दोघांना एकच शब्द लावलात तर चिडक्याला नको तेवढी शिक्षा होईल आणि विखारी बोलणारा त्याच्याआड लपेल.

अडचण मुळात इंग्रजी शब्दातच आहे. ग्रीकमध्ये ‘तॉक्सॉन’ म्हणजे धनुष्य. बाणाच्या टोकाला लावायचं विष ते ‘तॉक्सिकॉन फार्माकॉन’. पुढे लॅटिनमध्ये ‘तॉक्सिकुम’ म्हणजे नुसतं विष झालं, धनुष्य मागे पडलं. इंग्रजीत तो शब्द आधी वैद्यकात आणि रसायनात वावरला, नंतर बुडीत कर्जांना, नात्यांना, ऑफिसांना लागला. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१८चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून तोच निवडला. इतका पसरलेला शब्द नाराजी सांगतो. समोरच्यानं नेमकं काय केलं ते सांगत नाही. नियमावलीला तर नेमकी तीच गोष्ट हवी असते.

म्हणून ‘टॉक्सिक’ला प्रतिशब्द शोधण्यापेक्षा कृत्याला नाव द्या. मैदानावरच्या खेळांनी मराठीला ही नावं कधीचीच देऊन ठेवली आहेत.

हरायला लागल्यावर फोन खाली ठेवून बसणं किंवा रागानं बाहेर पडणं, ज्याला मुलं ‘एएफके’ आणि ‘रेज क्विट’ म्हणतात, तो आपला ‘रडीचा डाव’. ‘डाव अर्ध्यावर टाकून जाणं’ असंही सरळ लिहिता येईल. मुद्दाम मरून समोरच्या संघाला गुण देणं हा ‘घात’. आपल्याच भिडूची वाट अडवणं, त्याची गाडी पेटवून देणं म्हणजे ‘खोडा घालणं’. मारलेल्या खेळाडूच्या मागे उरणाऱ्या सामानाच्या पेटीपुढे नाचणं म्हणजे ‘वाकुल्या दाखवणं’, आणि आईबहिणीवरून, जातीवरून बोलणं ही सरळ ‘शिवीगाळ’. पाच कृत्यं, पाच शब्द, आणि एकाही शब्दाचा अर्थ मंडळातल्या पोरांना समजावून सांगावा लागणार नाही.

संघात राहून सगळ्यांना एकमेकांविरुद्ध पेटवणाऱ्यासाठी तर फार जुना वाक्प्रचार आहे: ‘बिब्बा घालणं’. बिब्ब्याच्या फळातलं काळं तेल कातडीला लागलं की फोड येतात. धोबी त्याच तेलानं कपड्यांवर खुणा करायचे. जुळत आलेल्या कामात कुणी विघ्न आणलं, दोघांत वितुष्ट आणलं की ‘त्यानं बिब्बा घातला’ म्हणतात. ‘टॉक्सिक टीममेट’च्या सगळ्यात जवळ जाणारी मराठी मला हीच वाटते, आणि योगायोग असा की तिच्याही पोटात खरंच दाहक वनस्पती आहे. गल्लीतल्या खेळात चिडणाऱ्याला ‘चिडका बिब्बा’ म्हणतात, तोच हा बिब्बा.

गेम बनवणाऱ्यांनाही एका शब्दावर भागवता आलेलं नाही. लीग ऑफ लेजंड्स या ऑनलाइन गेममध्ये तक्रार करताना शिवीगाळ, मुद्दाम मरणं, खेळ सोडून जाणं अशी वेगवेगळी कारणं निवडावी लागतात. याच गेमनं २०११मध्ये ‘ट्रायब्युनल’ सुरू केलं होतं: तक्रार झालेल्या सामन्यांतलं चॅट खेळाडूच वाचायचे आणि शिक्षा की माफी यावर मत द्यायचे. २०१४मध्ये ते बंद झालं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की निवाडा करणाऱ्यासमोर ‘हा टॉक्सिक आहे’ एवढा शेरा नसायचा, बोललेले शब्द असायचे. तुमच्या पंचांनीही तेच मागावं: स्क्रीन रेकॉर्डिंग दाखवा, काय म्हणाला ते सांगा.

आता थट्टेचं काय? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण स्पर्धेत पहिला तोच येईल. ‘आम्ही मजा करत होतो’ हे वाक्य प्रत्येक तक्रारीनंतर ऐकू येतं. इथे मराठीचा साठा फार उपयोगी आहे. थट्टा, चेष्टा, टिंगल, टवाळी, कुचेष्टा हे शब्द आपण सहज एकाजागी दुसरा वापरतो, तरी त्यांची चढण कानाला कळते. थट्टेत ज्याची केली तोही हसतो. टिंगलीत तो हसेलच असं नाही. टवाळीला प्रेक्षक लागतात. स्क्वॉडमधले, म्हणजे चौघांच्या संघातले, तिघे मिळून चौथ्याच्या मागे लागतात ती टवाळी. कुचेष्टेत खेळ बाजूलाच पडतो आणि माणसाचा रंग, बोली, गाव, मुलगी असणं हे हत्यार होतं. माइक सुरू केल्यावर मुलीचा आवाज ऐकून जे सुरू होतं ते कुचेष्टाच असतं, आणि त्यामुळे कित्येक मुली संपूर्ण सामना मुक्यानं खेळतात. त्याला ‘मस्करी’ म्हणू देऊ नका. ‘मस्करीची कुस्करी’ हा आपलाच शब्दप्रयोग आहे आणि ती होण्याची पायरी चेष्टेनंतर लगेच येते. माझ्या मते पंचांनी थट्टा आणि चेष्टा सोडून द्यावी, टवाळीला ताकीद द्यावी, कुचेष्टेला बाहेर काढावं.

जिंकल्यावर ‘जीजी ईझी’ लिहिणं, म्हणजे ‘छान खेळलात, सोपं गेलं’, याला ‘हिणवणं’ म्हणा. ओव्हरवॉच या गेमनं २०१६मध्ये यावर युक्ती केली होती: कुणी ते लिहिलं की इतरांना त्याजागी दुसरंच वाक्य दिसायचं, कधी समोरच्या संघाचं कौतुक, कधी ‘माझी झोपायची वेळ टळून गेली, आईला सांगू नका’ अशा धर्तीचं. हिणवणाऱ्याला मिळणारी मजाच काढून घेतली.

‘आदरपूर्वक चर्चा’ हे दोन्ही शब्द माझ्या मते काढा. आदर मराठीत वर जातो, वडिलांकडे, गुरुजींकडे. बरोबरीच्या भिडूला कुणी आदर देत नाही, त्याचा मान राखतात, त्याच्याशी नीट बोलतात. आणि सामन्यात चर्चा होतच नाही. ‘डावीकडे दोन आहेत’, ‘भावा, स्मोक टाक’, ‘मला रिव्हाइव्ह कर’ (म्हणजे पडलोय, उठव) एवढंच बोलायला वेळ असतो. अनोळखी भिडूला ‘भावा’ म्हणणं हीच तिथली रीत आहे, ती राहू द्या. नियमावलीत ‘आपण’, ‘कृपया’ घालून ती सुधारायला जाऊ नका. भावा म्हणणारा सहसा पुढच्या वाक्यात शिवी देत नाही.

मी लिहिलं असतं तर असं: ‘माइकवर खेळापुरतं बोला. शिवीगाळ आणि कुचेष्टा केल्यास खेळाडू बाद. रडीचा डाव खेळल्यास, म्हणजे डाव अर्ध्यावर टाकून गेल्यास, संघाला त्या सामन्याचे गुण नाहीत. भिडूचा घात केल्यास किंवा त्याला खोडा घातल्यास खेळाडू बाद. वाकुल्या दाखवू नका, हरलेल्याला हिणवू नका. या दोन्हींसाठी पहिल्यांदा ताकीद मिळेल.’ शीर्षकात मात्र ‘टॉक्सिकपणा चालणार नाही’ असं बिनधास्त लिहा. लक्ष वेधायला तो शब्द उत्तम आहे आणि देवनागरीत तो आता आपलाच झाला आहे.

राहिला ‘नूब’. इंग्रजीतल्या ‘न्यूबी’चं, म्हणजे नवख्याचं, हे बिघडवलेलं रूप, गेममध्ये ते शिवीसारखंच वापरतात. ‘नवखा’ अर्थानं बरोबर आहे, पण त्याहून गोड शब्द आपल्याकडे आहे: लिंबूटिंबू. धावता न येणाऱ्या धाकट्या भावंडाला खेळात घ्यायचं, पण तो बाद झाला तरी त्याच्यावर राज्य द्यायचं नाही, ही मोठ्या मुलांनीच केलेली सोय. मुंबईकडे त्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणतात. तुमच्या स्पर्धेत पहिल्यांदाच खेळणारे बरेच असतील, तर त्यांच्यासाठी एक वेगळी कस्टम रूम (आपण बोलावलेल्यांपुरता गेममधला खासगी सामना) ठेवा आणि तिला ‘लिंबूटिंबू गट’ म्हणा. सातवी-आठवीतली पोरं त्यात नाव द्यायला लाजतील असं वाटलं, तर ‘नवखे गट’ लिहा.