‘संगमरवरी दगड’ म्हणजे दोनदा दगड

रोमच्या बोर्गेझे संग्रहालयातल्या, बर्निनी या इटालियन शिल्पकाराच्या ‘अपोलो आणि डाफ्ने’च्या फोटोखाली ‘संगमरवरी दगडातील मूर्ती’ असं छापलेलं पाहून एका वाचकाने विचारलंय, इथे ‘मूर्ती’ बरोबर की ‘पुतळा’? दोन्ही नकोत. मूर्ती देव्हाऱ्यात, पुतळा चौकात. याला शिल्पच म्हणावं.

पण त्याच ओळीतला ‘दगड’ कुणाला कसा खुपत नाही? फारसीत ‘संग’ म्हणजेच दगड. ‘संग-ए-मरमर’ म्हणजे मरमर नावाचा दगड. त्यावर आणखी दगड कशाला? ‘विंध्याचल पर्वत’ म्हणतात, तशातलीच ही गत. ‘संगचा अर्थ आता कुणाला जाणवत नाही, म्हणून चालतं’ असं जाणकार सांगतात. जाणवत नसेल तर जाणवून द्यायचं, चालवून कसलं घ्यायचं!

खरी गंमत ‘मरमर’मध्ये आहे. ग्रीक मार्मारोस, लॅटिन मार्मोर, इटालियन मार्मो, फारसी मरमर. हे शिल्प घडताना बर्निनीच्या कारखान्यात १६२२ ते १६२५ रोज कानावर पडणाऱ्या शब्दाचं भावंड आपल्या घरात आहे! व्युत्पत्ती सांगणारे बरेच जण ‘चकाकणे’ या ग्रीक क्रियापदाशी थांबतात. मला ते पटत नाही. प्राचीन ग्रीक कवी होमरकडे मार्मारोस म्हणजे शत्रूवर भिरकावायचा ओबडधोबड धोंडा. चकाकी मागाहून चिकटली.

आणि आपण त्याचं ‘मरवर’ का केलं? ग्रामचं गाव, नामचं नाव, भ्रमरचा भोवरा करणाऱ्या जिभेने मरमरचं मरवर केलं, असं मी ठामपणे मानतो. ‘ती प्रक्रिया प्राकृतातली, फारसी शब्द फार नंतरचे’ हा आक्षेप मला ठाऊक आहे. जिभेचं वळण असं तारीख पाहून सुटत नाही.

संस्कृत ‘मर्मर’वरून ग्रीकांनी हा शब्द उचलला, असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. साफ चूक. मर्मर हा पानांच्या सळसळीचा ध्वनी; दगडाशी त्याचं नातं नाही. तरी हे शिल्प पाहताना तो आठवतोच. ग्रीक कथेत अपोलो देव पाठलाग करतो आणि त्याच्यापासून पळणारी डाफ्ने लॉरेलचं झाड होते, तोच हा क्षण. अपोलोचा हात कमरेशी पोचतो, तिथे साल चढलेली आहे; डाफ्नेच्या बोटांतून लॉरेलची पानं फुटताहेत, इतकी पातळ की वाऱ्याने हलतील. ही नाजूक कोरणी बरीचशी जुलियानो फिनेल्ली या साहाय्यकाची, तोही संगमरवराच्या कारारा गावचा.

तेव्हा फोटोखाली एवढंच लिहा: ‘अपोलो आणि डाफ्ने, संगमरवरी शिल्प, बर्निनी’.