ऐरण कुणी पाहिलीय?

शाळा उघडायच्या तोंडावर पत्रांचा विषय ठरलेला असतो. तक्ते कुठले आणू, कार्डं कशी करू, आलेला पैसा कशावर घालू. या खेपेलाही तेच. माझी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली आणि तिच्यातली बरीचशी पहिली-दुसरीच्या वर्गांवर गेली, तेव्हा उत्तरंही त्याच वर्गांच्या मापाची आहेत.

बाई, मी नुकतीच रुजू झाले आहे. द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी माझ्याकडे. वर्गाच्या भिंती अगदी कोऱ्या आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, दोन हजारांपर्यंत साहित्य घ्या. कोणते तक्ते घेऊ?
— एक शिक्षिका, ता. अकोले

दुकानात गेलात की मुळाक्षरांच्या तक्त्यावर आधी ळ शोधा. पुष्कळदा तो सापडत नाही, कारण तक्ता मुळात हिंदीचा असतो, वर मथळा तेवढा मराठी. मग ‘ठ’खाली भांडी ठोकणारा ठठेरा बसलेला असतो आणि आपण पोरांना तो ठोंब्या आहे की ठाकूर, हे सांगत बसतो. नंतर ‘ल’ आणि ‘श’ बघा. मराठी वळण कोणतं, हे शासनाने २००९ मध्ये निर्णय काढून ठरवून दिलंय, बालभारतीच्या पुस्तकात मूल तेच बघतं आणि भिंतीवर मात्र वेगळंच वळण. पहिलीतल्या मुलासाठी ती दोन वेगळी अक्षरं असतात.

अस्सल मराठी तक्ता मिळाला, तरी ऐरण, औत, ईडलिंबू, उखळ ही मंडळी तिथे ठाण मांडून असतात. ऐरण कुणी पाहिलीय? तुमच्या अकोल्यात औत अजून दिसेल, पण ऐरणीचं चित्र दाखवून ‘हे काय?’ विचारलंत, तर मूल शेजारच्या वस्तूवर बोट ठेवून ‘हातोडा’ म्हणेल. त्याचं बरोबरच आहे. मग आपण ‘ऐरण, ऐरण’ म्हणून घेतो, ते म्हणतं, आणि कुणाच्याच पदरात काही पडत नाही.

दोन हजारांत मी काय करीन ते सांगते. पांढऱ्या कार्डशीटच्या पट्ट्या कापून प्रत्येक मुलाचं नाव काळ्या जाड स्केचपेनने लिहीन. अक्षर बोटाच्या दोन पेरांएवढं, खाली चित्र नाही, फूल नाही. गावातल्या शिंप्याकडून जुन्या चादरीवर ओळीने खिसे मारून घेईन, झाला खिसेबोर्ड. सकाळी आलेल्या मुलाने टेबलावरच्या ढिगातून आपलं कार्ड हुडकायचं आणि खिशात घालायचं. हीच हजेरी. पहिले काही दिवस गोंधळ होतो आणि तो व्हायलाच हवा. वर्गात गौरी आणि गौरव असले की भांडण ठरलेलंच, दोघंही एकच कार्ड ओढतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी गौरी म्हणते, ‘तुझ्यात मागं अजून एक हाय.’ त्या क्षणी ती वाचायला लागलेली असते, तक्त्याशिवाय. पुढे त्याच कार्डांवरून ‘र कुणाकुणाच्या नावात आहे?’ हा खेळ काढा, महिनाभर पुरतो.

उरलेल्या पैशात फळ्याचा रंग आणा आणि भिंतीचा खालचा, मुलांच्या हाताला येणारा पट्टा रंगवून घ्या. खडू भरपूर ठेवा. त्यातूनही उरले तर गोष्टींची पातळ पुस्तकं घ्या आणि ती दोरीवर वाळत घाला, कपाटात नको. कपाटाला कुलूप असतं आणि किल्ली रजेवर गेलेल्या गुरुजींकडे असते.

माझी मुलगी पहिलीत आहे. शाळेत अ आ इ सोडून ग म भ न असं काहीतरी शिकवतात. सासरे म्हणतात, ही कसली शाळा, हिला अजून ‘अ’ लिहिता येत नाही. घरी मी अननसाचा तक्ता लावू का?
— एक आई, नाशिक

लावा, सासऱ्यांचं मन राहील. वर्णमाला तोंडपाठ असण्यात वाईट काही नाही, पुढे शब्दकोश उघडायला तोच क्रम लागतो. पण वाचायला शिकायचा तो रस्ता नव्हे. अ, आ, इ, ई एवढी चार अक्षरं येणाऱ्या मुलाला वाचता काय येईल? ‘आई’. संपलं. बाकी ते चित्र बघून ‘अननस’ म्हणत असतं, अक्षर बघून नाही. खात्री करायची तर चित्रावर हात ठेवून विचारा.

आता ग, म, भ, न घ्या. चारही उभ्या दांड्याची, हाताला सोपी. लगेच मन, मग, नग, नभ, नमन, गगन तयार होतात. त्यात काना घाला: मामा, नाना, नाग, भाग, मान. फळ्यावर ‘नाना, गा ना’ लिहिलं की वर्ग हसतो, म्हणजे त्यांनी ते वाचलेलं असतं. मग एकटा र आणा आणि बघा काय होतं: नगर, मगर, गरम, भगर, राग, गारा. ‘मामा, भगर गरम.’ पाच अक्षरं आणि एक काना, तेवढ्यात पोरगी एकादशीचं आख्खं वाक्य वाचते.

घरी तुम्हाला करायचंच असेल तर जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापा, एका तुकड्यावर एक अक्षर लिहा, कान्याचे दोन-तीन तुकडे वेगळे ठेवा. शाळेत जेवढी अक्षरं झाली तेवढीच डब्यात. मुलगी शब्द लावेल आणि आजोबांनी वाचायचा. ‘भगमन’ असला बिनअर्थाचा शब्द लावला तरी आजोबांनी तो तसाच गंभीरपणे वाचावा.

दुसरीच्या वर्गाला १ ते १०० घडाघडा येतं. पण ‘एकोणचाळीस लिहा’ म्हटलं की निम्मी मुलं ४९ लिहितात. ‘पस्तीस’ला ५३ लिहिणारीही आहेत. यासाठी एखादा चांगला तक्ता किंवा अ‍ॅप सुचवा.
— एक शिक्षक, ता. माण

गुरुजी, घडाघडा येतं ते गाणं आहे, संख्या नव्हे. पस्तीस म्हणताना पाच आधी कानावर येतात आणि तीस मागून, पण लिहायचे तीन आधी. पोर ऐकल्या हुकमाने लिहितं. याच अडचणीपायी २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावीसला ‘वीस दोन’ म्हणायची पद्धत आली आणि केवढा गदारोळ झाला, तो तुम्हाला आठवत असेल. प्रकरण विधानसभेत गेलं, कोट्या झाल्या. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर तेव्हा परोपरीने समजावत होत्या की बावीस-तेवीस कुणी काढून टाकलेलं नाही, जोडीला हेही म्हणा एवढंच आहे. माझं मत त्यांच्याच बाजूचं. वर्गात मी ‘तीस पाच, पस्तीस’ असं जोडीनेच म्हणवून घ्यायचे.

पण नुसतं म्हणून भागत नाही, हातात काड्या द्या. नव्या खराट्याच्या बोटभर लांबीच्या काड्या कापा, जोडीला रबरबँडचं पाकीट. गठ्ठे तुम्ही करून देऊ नका, ही एक गोष्ट पाळाच. मुलांनीच दहा मोजायच्या आणि बांधायच्या. कुणाच्या गठ्ठ्यात अकरा निघतील, कुणाच्या नऊ, शेजारचा तपासेल, कुरबुर होईल. होऊ द्या. ज्याने गठ्ठा स्वतः बांधला त्याला आत दहा आहेत हे ठाऊक असतं. बाजारातल्या संचात दशकाची प्लॅस्टिकची सलग दांडी येते, ती दिसायला सुबक असते, पण सुटत नाही. आणि दुसरीच्या गणितातलं निम्मं काम सोडण्याचंच आहे.

एकोणचाळीसच घ्या. मुलाला चार गठ्ठे मांडायला सांगा. किती? चाळीस. आता म्हणा, ‘यातली एक काडी मला दे.’ ते थांबतं. सुटी काडी तर नाही. इकडे-तिकडे बघतं, मग एक गठ्ठा सोडतं, एक काडी तुमच्या हातावर ठेवतं आणि समोर उरतात तीन गठ्ठे, नऊ सुट्या. तेव्हाच सांगा: चाळीसला एक उणी, एकोणचाळीस. तीन आधी लिहायचे, कारण गठ्ठे तीनच आहेत. हे एकोणतीस, एकोणपन्नास, एकोणसाठ असं पुढेही करून घ्या. एकोणनव्वदपर्यंत ही युक्ती चालते. ९९ला मात्र आपण नव्व्याण्णव म्हणतो, तो अपवाद पोरं स्वतः पकडतात आणि आपल्याला जाब विचारतात.

हातच्याची वजाबाकीही यातच येऊन जाते. ४२ मधून १७ द्यायच्या. चार गठ्ठे, दोन सुट्या. सात सुट्या कुठून देणार? गठ्ठा सोडा, बारा झाल्या. सात दिल्या, पाच राहिल्या. तीन गठ्ठ्यांतला एक दिला, दोन राहिले. २५. ‘शेजाऱ्याकडून उसना घेतला’ असली भाषा मी कधी वापरली नाही. उसना घेतलेला परत द्यावा लागतो, इथे कुणीच काही परत देत नाही, आणि पोरांना ते खटकतं.

काड्या मुरल्या की शंभर मण्यांची माळ काढा, दहा लाल, दहा पांढरे. वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत टांगा आणि कपड्याचा चिमटा लावून ‘एकोणचाळीस दाखव’ म्हणा. रंग बदलायच्या एक मणी अलीकडे चिमटा बसला पाहिजे. खेळातल्या नोटा त्यानंतर. दहाची नोट सोडता येत नाही, मोडावी लागते, ती पायरी वरची आहे. बरेच जण आकर्षक दिसतात म्हणून नोटांपासूनच सुरुवात करतात. अ‍ॅपचं विचारलंत, तर पडद्यावर गठ्ठा बोट लावताच आपोआप सुटतो. मग मुलाला करायला काय उरलं?

दिवाळीनंतर माझा अर्धा वर्ग ऊसतोडीला जातो. परत येतात तेव्हा अक्षरं पुसलेली असतात. जाताना सोबत काय देऊ?
— एक शिक्षिका, ता. शिरूर कासार

तिथल्या शाळेत बसवता येईल असं शिक्षण हमी कार्ड तुम्ही भरून देतच असाल, ते द्याच. गावात हंगामी वसतिगृह असेल आणि आई-बाप तयार असतील, तर मुलाला मागे ठेवणं सगळ्यांत बरं. पण जी जातातच, त्यांच्यासाठी जाड प्लॅस्टिकची, गाठ मारता येणारी पिशवी करा. कोपीवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीवर, पहाटेचं दव असतं, पाचटाचा कचरा असतो, वही आठवडाभरात लगदा होते. पिशवीत वीस-पंचवीस शब्दपट्ट्या, सगळे त्या मुलाला आत्ता वाचता येतात तेच शब्द. नवं शिकवायला तिथे कुणी नाही, आहे तेवढं टिकलं तरी पुष्कळ. त्यात त्याच्या जगातले शब्द हवेत: कोयता, मोळी, बैल, गाडी, पाचट, चूल. सोबत काड्यांचे पाच गठ्ठे, पाटीचा तुकडा, खडू.

आणि पिशवी मुलाच्या नावाने देऊ नका, घरातल्या मोठ्या भावंडाच्या हातात द्या. बहुतेक ठिकाणी थोरली बहीणच धाकट्यांना सांभाळते. तिला दोन दिवस आधी वर्गात बसवून खेळ कसा घ्यायचा ते दाखवा. शक्य असेल तर तिच्यासाठीही एक गोष्टीचं पुस्तक घाला. तिला तेवढं कुणीच देत नाही.

गावातले दानशूर शाळेला मोठा स्मार्ट टीव्ही देणार म्हणतात. पहिली-दुसरीला त्याचा कितपत उपयोग?
— एक मुख्याध्यापक, जि. जालना

नको म्हणू नका, दाता दुखावतो. पण वीजबिल कोण भरणार, ते आधी ठरवून घ्या. लहान वर्गांना आठवड्यातून एखादं गाणं-गोष्ट दाखवायला बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड, दीक्षा अ‍ॅप आणि तुमचा फोन पुरे. त्याच दात्याला वर्गवाचनालयासाठी पुस्तकं मागून बघा. पुस्तकावर नाव घालता येतं, हे सांगितलं की लोक ऐकतात.

केंद्र शासनाने २०२३ मध्ये ३ ते ८ वयोगटासाठी ‘जादुई पिटारा’ काढला, त्यातही बाहुल्या, कोडी, खेळणी, चित्रकार्डं, गोष्टी हेच आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा माँटेसरीचं महागडं साहित्य परवडण्यातलं नव्हतं, म्हणून त्यांनी नि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, बिया, पानं यांवर वर्ग चालवले. ते हाताळायला दिलं होतं, म्हणून चाललं.

कार्डं लॅमिनेट करावीत का?
— अनेकांची पत्रे

नावांची करा, रोज हाताळली जातात. वाचनपाठांची नको, खिडकीचा उजेड पडला की मागच्या ओळीला नुसती चकाकी दिसते.

मी अंगणवाडी सेविका आहे. मोजायला चिंचोके, वाटाणे, मणी वापरते. पालक म्हणतात, पोरं नाकात घालतील.
— एक सेविका, ता. कागल

घालतात. दर वर्षी एखादं तरी निघतंच. वाटाणा आणि हरभरा अजिबात नको, ओल लागली की नाकात फुगतो आणि आपल्याच्याने निघत नाही. चिमटा घालून काढायला जाऊ नका, तो आणखी आत सरकतो, थेट दवाखाना गाठा. चिंचोके पहिलीसाठी राखून ठेवा. अंगणवाडीच्या वयाला मोठे सागरगोटे, नारळाच्या करवंटीचे घासलेले तुकडे, बाटल्यांची मोठी झाकणं बरी. झाकणं गरम पाण्यात साबण घालून धुऊन घ्या आणि दोन रंगांचीच निवडा. सहा-सात रंगांची दिलीत तर मुलं मोजायचं सोडून रंग लावत बसतात, तो खेळ वेगळ्या दिवशी घ्या.