काच फुटली की परत जोडता येत नाही, मग तो रासायनिक बदल का नाही?

तुमची मुलगी विचारतेय की पुस्तकात 'भौतिक बदल उलटवता येतो, रासायनिक येत नाही' असं दिलंय, मग फुटलेली काच आणि जळणारी मेणबत्ती कुठल्या रकान्यात लिहायची? आधी तिची पाठ थोपटा. मी शाळेत विज्ञान शिकवते. सुरुवातीची काही वर्षं हेच वाक्य मीही फळ्यावर लिहायचे, पण आता लिहीत नाही.

उलटतो की नाही हे बाजूला ठेवा. नवा पदार्थ तयार झाला का, एवढंच विचारायचं. काचेचा अगदी चुरा केला तरी प्रत्येक कण काचच असतो, म्हणून बदल भौतिक. पूर्ववत होत नाही ही गोष्ट वेगळी.

याच्या बरोबर उलटं उदाहरण म्हणजे मोरचूद. परीक्षानळीत निळे खडे घेऊन नळी थोडी तिरपी धरायची आणि स्पिरिटच्या दिव्यावर हळूहळू तापवायची. आधी नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात, मग निळा रंग कडेकडेने उडत जातो आणि शेवटी खाली पांढरी भुकटी उरते. स्फटिकात बांधलेलं पाणी निघून गेलेलं असतं, म्हणजे उरलेली भुकटी हा वेगळा पदार्थ. 25 ग्रॅम मोरचूद घेतलं तर साधारण 16 ग्रॅम भुकटी हाती येते. नळी गार झाल्यावर त्यात दोन थेंब पाणी टाकलं की भुकटी झटक्यात निळी होते, आणि नळी हाताला गरम लागते! म्हणजे हा रासायनिक बदल चक्क उलटला. (मोरचूद विषारी असतं, त्यामुळे हे शिक्षकांच्या देखरेखीखालीच करायचं.)

उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांवरही मुलं हमखास अडकतात. 'त्यात काय आहे?' असं विचारलं की निम्मा वर्ग 'हवा' म्हणतो आणि उरलेल्यांतले हुशार 'हायड्रोजन आणि ऑक्सिजन' म्हणतात. तापायला लागल्यावर सुरुवातीला दिसणारे बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात हे खरं, पण खळाळून उकळताना असते ती निव्वळ वाफ. रेणू पाण्याचेच, फक्त एकमेकांपासून सुटलेले. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे 2,260 ज्यूल लागतात. तेवढंच पाणी फोडून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करायचे तर जवळपास 15,900 ज्यूल लागतात. गॅसवरच्या भांड्यात ते होत नाही. त्यासाठी विद्युत अपघटन करावं लागतं, म्हणजे पाण्यातून वीज सोडून ते फोडावं लागतं, आणि तिथे जमणाऱ्या हायड्रोजनचं आकारमान ऑक्सिजनच्या दुप्पट भरतं.

आता मेणबत्ती. तिला एका रकान्यात कोंबायचा अट्टहास कशाला? मेण वितळतं, वातीतून वर चढतं, त्याची वाफ होते. इथपर्यंत सगळं भौतिक. ती वाफ जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, ते रासायनिक. हे मुलीला डोळ्यांनी दाखवता येईल. मेणबत्ती चांगली पेटू द्या, फुंकर मारा आणि वातीवरून पांढरा धूर सुटला की पेटती काडी त्या धुराला लावा, वातीला नाही. ज्योत धुरावरून खाली उडी मारून वात पेटवते. तो धूर म्हणजे गार होऊन बारीक कण झालेली मेणाची वाफच. मग ज्योतीच्या वर कोरडा, गार ग्लास क्षणभर उपडा धरा. आत धुकं धरतं. मेणात पाणी नव्हतं, मग हे आलं कुठून? या प्रश्नावर मुलीला थोडा वेळ डोकं खाजवू द्या, लगेच उत्तर सांगू नका.

रंग बदलला, बुडबुडे आले, उजेड पडला, ही सगळी नुसती चाहूल. पांढरं झिंक ऑक्साइड तापवलं की पिवळं होतं आणि निवलं की परत पांढरं, पदार्थ तोच. जुन्या बल्बमधली टंगस्टनची तार लखलखते, पण जळत नाही.

मीठ पाण्यात विरघळतं त्याबद्दल मात्र रसायनशास्त्रज्ञही थोडं घुटमळतात, कारण सोडियम आणि क्लोराइडचे आयन (विद्युतभारित कण) एकमेकांपासून खरोखर सुटे होतात. पाणी आटवलं की तेच मीठ परत मिळतं, म्हणून शाळेत त्याला भौतिक म्हणतात. परीक्षेत तिने तेच लिहावं.

नवसागराचं (अमोनियम क्लोराइडचं) काय ते विचारलं नाहीत, पण पुढेमागे अडेलच. तो तापवला की न वितळता 'उडतो' आणि नळीच्या गार भागावर पांढरा थर धरतो, म्हणून संप्लवनाच्या (घन पदार्थाची थेट वाफ होण्याच्या) यादीत, म्हणजे भौतिक बदलांत, त्याला बसवतात. प्रत्यक्षात तो अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड या दोन वायूंत फुटतो आणि गार भागावर ते पुन्हा जुळतात. नळीत मध्ये काचलोकरीचा बोळा बसवून तोंडाशी ओला लाल लिटमस कागद (अमोनियासारख्या अल्कधर्मी पदार्थाने निळा होणारा) धरला तर तो आधी निळा होतो, कारण अमोनिया हलका असल्याने बोळ्यातून लवकर निसटतो.