परदेशात फिरताना दुसऱ्या धर्माच्या किंवा संस्कृतीच्या कोणत्या अनुभवाबद्दल तुम्हाला आजही कृतज्ञता वाटते?

जपानच्या शिकोकु बेटावर पायी यात्रा करणाऱ्या अनोळखी माणसाला गावकरी जे देतात, त्याबद्दल. खाणं, पाणी, पैसे, कधी रात्रीचा निवारा. तिथे त्याला ओसेत्ताई म्हणतात.

मी सासवडची. माउलींची पालखी दिवेघाट चढून आमच्या गावी येते आणि इथे दोन रात्री मुक्कामाला असते. त्या दिवसांत घरातली चूल विझत नाही. पिठलं, भाकरी, ठेचा, आंघोळीला कढत पाणी, पायांना चोळायला तेल. लहानपणापासून मी वाढणाऱ्यांत होते. वारकरी वयाने लहान असला तरी आजी त्याच्या पाया पडायची. घेणाऱ्याच्या जागी मी पहिल्यांदा बसले ती शिकोकूत, आणि तिथे माझी भाषा, माझा देव, माझं गाव यांतलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

यात्रेबद्दल थोडं सांगते. कूकाई (७७४–८३५) हे शिकोकूत जन्मलेले बौद्ध भिक्षू. ८०४ मध्ये ते चीनला गेले, तिथून शिंगोन पंथाची दीक्षा घेऊन परतले. लोक त्यांना कोबो दाइशी म्हणतात. त्यांच्याशी जोडलेली ८८ मंदिरं बेटाच्या कडेकडेने आहेत. सगळी वाट सुमारे १,२०० किलोमीटरची, चालत केली तर दीड महिना सहज लागतो. मी पूर्ण केली नाही. नारुतोजवळच्या पहिल्या र्योझेन्जी मंदिरापासून मुरोतोच्या टोकापर्यंत चालले आणि शेवटी कोयासानला, म्हणजे कूकाईंनी मठ स्थापलेल्या शिकोकूबाहेरच्या डोंगरावर, जाऊन आले.

यात्रेकरूचा वेश म्हणजे पांढरा अंगरखा, गवती टोपी आणि काठी. काठी म्हणजे साक्षात दाइशी, ते प्रत्येकाच्या सोबत चालतात अशी श्रद्धा आहे. म्हणून मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचं टोक धुवायचं, मग आपले पाय. पुलावरून जाताना काठी टेकवायची नाही, कारण दाइशींना एकदा कुणी आसरा दिला नव्हता आणि त्यांनी पुलाखाली रात्र काढली होती. पूर्वी कुणी वाटेतच गेला तर तो पांढरा अंगरखाच त्याचं कफन व्हायचा आणि काठी थडग्यावर रोवली जायची. हे सगळं मला र्योझेन्जीच्या दुकानातल्या बाईंनी समजावलं. नंतर त्या माझ्यासोबत देवळात आल्या. कमानीपाशी वाकायचं, हात धुवायचे, मेणबत्ती, तीन उदबत्त्या, मग मुख्य देवळासमोर सूत्र आणि दाइशींच्या देवळासमोर पुन्हा सूत्र. मी बौद्ध आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. पुढेही कुणी विचारलं नाही.

अकराव्या फुजिइदेरापासून बाराव्या शोसान्जीपर्यंतची वाट साधारण तेरा किलोमीटरची आहे आणि सगळी डोंगरातून जाते. यात्रेकरू जिथे गडगडत खाली येतात, अशा अर्थाचंच नाव तिथल्या चढांना आहे. तो डोंगर उतरून मी गुडघे धरत चालले होते, तेव्हा एका छोट्या ट्रकवाल्या आजोबांनी गाडी थांबवली, माझ्या ओंजळीत संत्री ओतली, कमरेतून वाकून नमस्कार केला आणि निघून गेले. नमस्कार त्यांनी केला, मला! आजीची आठवण येऊन मी तिथेच कठड्यावर बसले.

पुढे एका गावात हातगाडी ढकलत चाललेल्या एका आजींनी मला थांबवलं आणि शंभर येनचं नाणं हातावर ठेवलं. फोनवरच्या भाषांतरातून एवढं कळलं की त्यांचे गुडघे गेलेत, आता चालवत नाही, तर पुढच्या देवळात हे माझ्या नावाने टाक. आमच्याकडेही ज्यांना वारीला जाता येत नाही, ते दिंडीतल्या माणसाला म्हणतात, ‘माझाही नमस्कार सांगा विठोबाला.’ ते नाणं मी माझ्या पैशांत मिसळू दिलं नाही. पुढच्या देवळात आधी त्यांचं नाणं टाकलं, मग माझं.

ओसेत्ताई नाकारायचं नसतं. देणाऱ्याला त्या दानातून यात्रेचं पुण्य मिळतं, तेव्हा नको म्हणणं म्हणजे त्याच्या हातून यात्रा काढून घेणं. याच्या उलट वागलेल्या माणसाची गोष्ट तिथे सगळ्यांना माहीत असते. एमोन साबुरो हा इयो प्रांतातला श्रीमंत, कंजूष माणूस. दारी आलेल्या भिक्षूला त्याने हाकललं, त्याचं भिक्षापात्र फोडलं. मग त्याची आठही मुलं गेली. तो भिक्षू म्हणजे दाइशी होते हे कळल्यावर माफी मागायला तो वीस फेऱ्या चालला, तरी भेट झाली नाही. एकविसावी फेरी त्याने उलट्या दिशेने सुरू केली आणि शोसान्जीच्या वाटेवर, मरणाच्या दारात असताना, त्याला दाइशी भेटले. ज्या यात्रेचा पहिला यात्रेकरू दार लावून घेणारा माणूस होता, तिच्या वाटेवरची दारं आज अशी उघडी असतात. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

घेणाऱ्याने देणाऱ्याला कागदाची एक पट्टी द्यायची असते, ओसामेफुदा. तिच्यावर तारीख, आपलं नाव, गाव आणि मागणं लिहायचं. लोक त्या पट्ट्या घराला रक्षण म्हणून जपून ठेवतात. जुन्या घरांच्या माळ्यावर अशा पट्ट्यांनी भरलेली भाताची पोती सापडली आहेत. मी माझ्या पट्ट्या देवनागरीत लिहिल्या. हॉटेलात पैसे दिले की हिशेब मिटतो. इथे तो मिटत नाही. मी दिलेल्या कागदाची किंमत एका संत्र्याएवढीही नव्हती, आणि तरी ज्यांनी ज्यांनी तो घेतला त्यांनी दोन्ही हातांनी कपाळाला लावून घेतला.

मुरोतोच्या वाटेवर, तेविसावं आणि चोविसावं मंदिर यांच्यामध्ये सुमारे पंचाहत्तर किलोमीटर एकही मंदिर नाही, बाजूला फक्त समुद्र. तिथल्या एका विसाव्याच्या झोपडीत एक आजोबा भेटले. त्यांच्या पट्ट्या लाल होत्या, म्हणजे आठ किंवा त्याहून जास्त फेऱ्या झालेल्या. तुमच्याकडे चालताना काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, रामकृष्णहरी. त्यांनी ते तीन-चारदा घोकलं आणि मला ‘नामु दाइशी हेन्जो कोंगो’ शिकवलं. दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या पलीकडून त्यांनी हात उंचावून हाक दिली, ‘रामकृष्णहरी!’ दुसऱ्याचा देव इतक्या सहज तोंडात घेणाऱ्या त्या माणसाचं ऋण मी कसं फेडणार!

यात्रा झाल्यावर आभार मानायला कोयासानला जायची रीत आहे. दाइशी ८३५ पासून तिथे समाधीत बसले आहेत, गेलेले नाहीत, अशी श्रद्धा आहे. भिक्षू रोज दोनदा त्यांच्यासाठी जेवण घेऊन जातात. आळंदीला १२९६ मध्ये माउलींनी घेतलेली समाधी आम्ही संजीवन मानतो, त्यामुळे मला ते कुणी पटवून द्यावं लागलं नाही. मी नैवेद्य जाताना पाहिला आणि हात जोडले.

तुम्हाला जायचं असेल तर मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जा. बहुतेक जपानी यात्रेकरू बसने किंवा गाडीने जातात आणि त्यात कुणी कमीपणा मानत नाही, पण जमेल तेवढं पायी चाला, कारण घराबाहेर येऊन काही देणारी माणसं पायी चालणाऱ्यालाच भेटतात. कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा पहिल्याच मंदिरात घ्या, वरच्या खिशात ठेवा. ओसेत्ताई मागू नका, आणि कुणी दिलं तर संकोच न करता घ्या.