इंजिन राहू दे, आधी काचा बघ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल मिळाली. जुनी गाडी घ्यायची म्हटल्यावर फोर्ड-शेव्हरोलेच्या गर्दीत न घुसता कायझर-फ्रेझर या कधीच बुडालेल्या अमेरिकन कंपनीच्या गाड्यांकडे वळलास, याचं कौतुक वाटलं. पण पहिल्याच दमात कायझर डॅरिनचा नाद धरलास, तो सोड. १९५४ ची डॅरिन देखणीच आहे. फायबरग्लासची बॉडी, दारं बाहेर उघडायच्या ऐवजी पुढच्या मडगार्डात सरकतात. पण निघाल्या सगळ्या मिळून ४३५. बाजारात एखादी आलीच तर लिलावात जाते, आणि घेणारा ती ट्रेलरवरूनच मिरवतो. तुला गाडी चालवायची आहे ना? मग १९५१ ते ५३ मधली चार दारांची साधी सेडान शोध. तिच्या देखणेपणामागेही डिझायनर हॉवर्ड ‘डच’ डॅरिनचाच हात आहे, आणि तिच्यासाठी घर गहाण टाकावं लागत नाही.

कंपनी का बुडाली हे तू वाचलं असशील. हेन्री कायझर धरणं आणि युद्धातली लिबर्टी जहाजं बांधणारा. जोसेफ फ्रेझर मोटारी विकण्यात मुरलेला. १९४५ मध्ये दोघं एकत्र आले आणि त्यांनी इथल्याच, मिशिगनमधल्या विलो रनचा बॉम्बर विमानांचा कारखाना भाड्याने घेतला. युद्धानंतर गाड्यांचा दुष्काळ होता तोवर माल हातोहात खपला. १९४९ ला तिन्ही बड्या कंपन्या (जनरल मोटर्स, फोर्ड, क्रायस्लर) नवी मॉडेलं घेऊन उतरणार म्हणून फ्रेझर सांगत होता, उत्पादन आवरा. कायझरने ऐकलं नाही. गाड्या पडून राहिल्या, आणि मग त्यांनाच नवे सीरियल नंबर देऊन १९५० चं मॉडेल म्हणून विकलं. तेव्हा कुणी ‘पन्नासची आहे, फार दुर्मीळ’ म्हणत जादा पैसे मागू लागला, तर हसून फोन ठेव. १९५१ ची फ्रेझरसुद्धा त्या जुन्याच बॉड्यांना पुढून-मागून नवा पत्रा चढवून केलेली. ती मात्र उठून दिसते, आणि दहा हजारांच्या आसपासच निघाल्यामुळे तिचा भाव थोडा चढा असला तर मला त्यात गैर वाटत नाही.

आता मुद्द्याचं. बघायला गेलास की विकणारा आधी बॉनेट उघडेल, इंजिन चालू करून दाखवेल आणि तू खूश होशील. इंजिनावर भाळू नकोस. कायझरचं सहा सिलिंडरचं २२६ घनइंची इंजिन मूळ कॉन्टिनेंटलच्या घराण्यातलं. तीच जात चेकर टॅक्सीत होती आणि १९५४ पासून जीपवाल्या विलीज कंपनीच्या ट्रकमध्येही गेली. पिस्टन, व्हॉल्व्ह, गॅस्केट हे सगळं थोडं शोधलं की सापडतं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असेल तर तो जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक. त्यातलं कळणारे म्हातारे मेकॅनिक अजून आहेत. जाम झालेलं इंजिन म्हणजे फार तर एक हिवाळा आणि थोडे पैसे.

अडतं ते दुसरीकडेच. या गाडीची पुढची काच बघ: वरच्या कडेला मधोमध खाली उतरलेली, बदामाच्या आकाराची. ती दुसऱ्या कुठल्याच कंपनीच्या गाडीची बसणार नाही. मागच्या दिव्यांची लाल भिंगं, दारावरच्या चकचकीत पट्ट्या, डॅशबोर्डवरचं प्लॅस्टिक, हँडलं हे सगळं फक्त कायझरचं. नवं बनवून मिळणं आज कठीण, म्हणजे मिळालं तर बहुतेक दुसऱ्या मेलेल्या कायझरच्या अंगावरचंच. ओतीव भागांवरून बोट फिरवून बघ. क्रोमवर पुरळ उठलेलं असेल तर गंज आतून येतोय आणि नुसत्या पॉलिशने तो जाणार नाही. नवं क्रोम चढवायला माणूस इतके पैसे मागतो की इंजिन स्वस्त वाटतं. १९५३ ची कायझर ड्रॅगन मिळत असेल तर आतलं बांबूच्या विणीचं व्हायनल आधी तपास. छतावरसुद्धा तेच आहे, ते फाटलं की ड्रॅगनमधला ड्रॅगन गेला. म्हणून चालू पण अर्धवट गाडीपेक्षा बंद पण अख्खी गाडी घे. मी याच कारणाने पार्टसाठी एक दुसरीही आणून ठेवली आहे. तुझी काकू अजून विचारते, ‘ही कधी चालणार?’

पत्र्याचं म्हणशील तर मिशिगन-ओहायोच्या गाड्यांना हिवाळ्यातल्या मिठाने खाल्लेलं असतं. दाराखालची पट्टी, फरशी, डिकीचा तळ इथे चुंबक फडक्यात गुंडाळून लावून बघ. चिकटला नाही तर आत लांबी (पुट्टी) भरली आहे, पत्रा नाही. ॲरिझोनाची गाडी पत्र्याने धडधाकट असते, पण उन्हाने तिची रबरं आणि सीट भाजून निघालेली असतात. मला विचारशील तर मी पत्रा निवडेन, सीट नंतर शिवता येते.

हेन्री जे स्वस्तात मिळतेय असं लिहिलंस. ती कायझर-फ्रेझरनेच सरकारी कर्जाच्या जोरावर काढलेली गरिबाची गाडी. सुरुवातीच्या साध्या मॉडेलांना मागे डिकीचं झाकणसुद्धा नाही, सामान ठेवायला मागची सीट पाडायची. तिचं चार सिलिंडरचं इंजिन विलीज जीपचंच, त्यामुळे कोल्हापुरात महिंद्राच्या जीपखाली लोळलेल्या तुझ्या वडिलांना ती अजिबात परकी वाटणार नाही. १९५२-५३ मध्ये सीअर्स या मोठ्या दुकानांच्या कंपनीने हीच ऑलस्टेट नावाने विकली, ती अडीच हजारही नाही निघाली. एकच सांभाळ: ती हलकी म्हणून ड्रॅग रेसिंगवाल्यांनी हेन्री जे कापून कापून त्यात मोठी व्ही-एट इंजिनं बसवली. मूळ फ्रेम, मूळ एक्सल आहे का हे खाली वाकून बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस.

६ व्होल्टची वायरिंग लगेच १२ ची करू नकोस; जाड केबल आणि स्वच्छ अर्थिंग असलं की ती बिनबोभाट चालते. कायझर-फ्रेझर ओनर्स क्लब इंटरनॅशनलची वर्गणी मात्र गाडी घ्यायच्या आधी भर. पार्ट कुणाकडे पडून आहेत ते तिथल्याच लोकांना ठाऊक असतं. इप्सिलँटीचं मोटार संग्रहालय तुला तासाभराच्या अंतरावर आहे. विलो रनच्या गाड्या तिथे उभ्या आहेत, पूर्ण गाडी कशी दिसते ते डोळ्यांत भरून घे.

ओहायोतल्या त्या ५३ च्या कायझर मॅनहॅटनचे फोटो मला पाठव. पण असे: चारही कोपरे, मागचे दोन्ही दिवे जवळून, डॅशबोर्ड, डिकीचा तळ मॅट उचलून. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) नंबर आणि गाडीवरच्या पट्टीवरचा नंबर जुळतो का तेही विचार. जुळत नसेल तर मालक कितीही गोड बोलला तरी जाऊ नकोस. सगळं ठीक दिसलं तर शनिवारी निघू, ट्रेलरचं मी बघतो.

तुझा,
काका